पंचवीस अंशांवरची झोप

डेटाशीटच्या पहिल्या पानावर प्रत्येक चिप गाढ झोपते.
नऊशे नॅनोअँप, म्हणते ही नवी,
आणि खाली मुंगीच्या अक्षरात: पंचवीस अंश सेल्सिअसला.

पंचवीस अंश अल-खाबूऱ्यात
फक्त खल्फानसाहेबांच्या मजलिसमध्ये असतात,
तेही एसी मनावर घेईल तेव्हा.

माझी डबी बसणार खजुराच्या बुंध्यावर,
उन्हाच्याच बाजूला, कारण रेंज तिकडे.
काम म्हटलं तर साधं:
सहा तासांनी उठायचं, वीस सेकंद खोडाला कान लावायचा,
आत सोंड्याची अळी गर कुरतडतेय का
(आमच्या नागावला नारळात शिरतो, त्याचाच हा भाऊबंद),
हो की नाही ते कळवायचं
आणि परत झोपायचं.
पाच वर्षं.
अंगठ्याच्या पेराएवढ्या एका सेलवर.

बाराशे मिलिअँप-तास भागिले त्रेचाळीस हजार आठशे तास.
सत्तावीस मायक्रोअँप. एवढाच पगार.
बारा जातात ऐकण्याबोलण्यात,
सहा तो सेल उन्हात बसल्या बसल्या स्वतःच खातो,
उरले नऊ.
नवात झोप भागवायची.

मला कुंभकर्ण नको होता.
त्याला उठवायला ढोल लागतात, तो खर्च वेगळा.
मला हवी होती श्वाननिद्रा,
कान टवकारला की जाग, मान टाकली की झोप.

लॅबचं ओव्हन मस्कतला दुरुस्तीला गेलंय, महिना झाला.
शेवटी दोन्ही बोर्ड यारिसच्या डॅशबोर्डवर ठेवले,
काचा बंद, वायरी दाराच्या रबरातून बाहेर,
आणि मीटर घेऊन मी बकऱ्यांच्या शेडखाली.

साडेबाराला कामबंदीची वेळ झाली.
मोतालिब झाडावरून उतरला,
गमछा तोंडावर घेतला, दोन मिनिटांत घोरू लागला.
सावलीत सेहेचाळीस.
ह्याच्या झोपेखाली कुठलीच तळटीप नव्हती.

गाडीत पन्नास. मग साठ.
नवी झोपेत बडबडू लागली: दोन, पाच, नऊ.
सत्तरला चौदा.
आणि ती जुनी, जाड अंगाची,
जिचं नाव पाहून खरेदीतल्या जोजीने विचारलं होतं
'ही अजून बनवतात?',
दीडवरून तीनवर आली
आणि कूस न बदलता पडून राहिली.
मी वहीत लिहिलं: जुनी.
बकरीने वहीचा कोपरा खाल्ला, पण आकडे वाचले.

खल्फानसाहेब म्हणाले, एक हिरवा दिवा लावा वर,
जिवंत आहे हे कळायला नको?
म्हटलं, दिव्याला दोन मिलिअँप लागतात,
पाच वर्षांचे पंचवीस दिवस होतील.
ते बराच वेळ डबीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, म्हणजे विश्वास ठेवायचा.
मी काही बोलले नाही. इंजिनिअरला त्या शब्दाची भीती वाटते.

एकशेबारा नंबरच्या झाडावर पहिली बसवली.
संध्याकाळी सहाला पहिला निरोप आला:
११२, नाही.
इतक्या खटाटोपाने मिळालेलं एक 'नाही'.
तरी मी फोन तीनदा उघडून पाहिला.

मोतालिबने फोनकडे पाहिलंही नाही.
झाडाला कान लावला, मग शेजारच्याला,
आणि तिथेच थांबला.
'दीदी, इसमें नहीं. बगलवाले में.'
मीही कान लावला.
माझ्या स्वतःच्या रक्ताचा आवाज, बाकी काही नाही.

चार स्क्रू काढले, चार लावले.
बटण दाबलं. वीस सेकंद
आम्ही दोघं उगाच श्वास धरून उभे.

११३, हो.

तो हसला नाही, कुऱ्हाड आणायला गेला.
मी डबीला सांगायला वळले, काय ते नक्की माहीत नाही,
शाबास वगैरे असेल.
ती केव्हाच झोपली होती.
तीन मायक्रोअँप.